गवताच्या गंजीवरचा माणूस

काल मागच्या कुरणातलं गवत कापलं. ऑफिसातून सायकलने येत होते, शेवटच्या वळणावर वास आला आणि मी चक्क खाली उतरले. घरी पोचले तर नितीनच्या, म्हणजे नवऱ्याच्या, शिंका जिन्यापर्यंत ऐकू येत होत्या. त्याला हॉयश्नुपफन आहे, कापल्या गवताची सर्दी. इथे जर्मनीत, इंगोलश्टाटमधल्या निम्म्या इंजिनिअरांना ती असते, जूनमधल्या मीटिंगा अर्ध्या शिंकांमध्येच जातात. "सुरू झाला का तुझा सीझन?" त्याने रुमालाआडून विचारलं. मी म्हटलं, हो, झाला.

कुणाचा आंब्याचा सीझन असतो, कुणाचा लग्नाचा. माझा कापलेल्या गवताचा, आणि तोही वर्षातून जेमतेम एक आठवडा. खरं तर गवताशी माझं काही देणंघेणं असायचं कारण नाही. मी पुण्यात कर्वेनगरला वाढले. गवत म्हणजे सोसायटीतलं लॉन, ज्यावर पाय ठेवला की वॉचमन शिट्टी वाजवायचा. पुढे इंजिनिअर झाले, इकडे आले आणि गेली कित्येक वर्षं गाडीच्या दाराभोवती जे काळं रबर असतं ते डिझाइन करते. पाणी आत येऊ नये, वाऱ्याचा आवाज येऊ नये, एवढंच माझं जगातलं काम. वासबिस असल्या भानगडीत मी कधी पडले नव्हते. पण दोन वर्षांपूर्वीच्या जूनमध्ये आमच्या खालच्या मजल्यावर जे घडलं ते या वासाला असं चिकटून बसलंय की आता तो आला की मन भरून येतं. रडू नाही येत. कुणीतरी आपल्याला फार मोठं काहीतरी देऊन गेलंय असं वाटत राहतं.

खालच्या मजल्यावर फ्राऊ विओरिका राहायच्या. मूळच्या रुमानियाच्या उत्तरेकडच्या, डोंगरातल्या एका गावच्या. सत्तरीच्या, ठेंगण्या, डोक्याला फुलाफुलांचा रुमाल, आणि नखांत कायम हिरवा नाहीतर पिवळा रंग. नवरा ग्रिगोरे वेल्डर होता. दोघं तरुणपणी इकडे आली. बाईंनी जन्मभर बेकरीत पहाटेची पाळी केली आणि दुपारी चित्रं काढली. चित्रं फक्त गावाची. लाकडी कुंपणं, आलुबुखाराची झाडं, बर्फात अडकलेली बैलगाडी, उतारावरची शेतं. आणि सगळ्यात जास्त म्हणजे गवत कापायचे दिवस. चर्चच्या हॉलमध्ये वर्षातून एकदा त्यांचं प्रदर्शन लागायचं, त्यांच्याकडची मंडळी यायची, चित्रांसमोर उभी राहून डोळे पुसायची आणि मग केक खायची.

इतकी वर्षं बव्हेरियात काढली, पण इथलं एकही चित्र त्यांनी काढलं नाही. मी एकदा विचारलं. त्यांनी खिडकीतून कुरणाकडे बोट दाखवलं. तिथे शेतकऱ्याच्या मशीनने सगळं गवत गोल गुंडाळून, पांढऱ्या प्लास्टिकात घट्ट बांधून ठेवलं होतं. "बघ," त्या म्हणाल्या, "गवताचंसुद्धा सॉसेज करतात." त्यानंतर मला ते गोळे दुसरं काही म्हणून दिसलेच नाहीत.

पण हे सॉसेज व्हायच्या आधी, गवत कापून जमिनीवर पसरलेलं असताना, बाई धुण्याचा टब घेऊन कुरणात जायच्या. टब भरून गवत आणायचं, आपल्या टेरेसवर पसरायचं, सकाळ-संध्याकाळ उलटायचं. इमारतीची देखभाल करणारा हाउसमाइस्टर जिन्यात पडलेल्या काड्यांवरून दर वर्षी कुरकुर करायचा आणि दर वर्षी बाई त्याला केक नेऊन द्यायच्या. गवत वाळून त्याचा तो गोडसर वास सुटला की खुर्ची टाकून बसायच्या, मूठभर गवत नाकाशी धरायच्या आणि मगच ब्रश उचलायच्या. त्यांच्या गावचं सगळं त्या मुठीत होतं म्हणे.

त्यांच्या गावात गवताची गंजी एका उंच वाशाभोवती रचतात. चित्रातसुद्धा त्या आधी वासा उभा करायच्या. मग खालून वर, रोज थोडं थोडं, थरावर थर. आधी सगळी गंजी आखून घ्यायची आणि मग रंग भरायचा, असं कधी नाही. मी आपलं इंजिनिअरी डोकं चालवून विचारलं, आल्झो, म्हणजे असं बघा, आधी वरचं टोक नक्की केलं तर सोपं नाही का जाणार? त्या म्हणाल्या, "वरून रचलं तर पडेल ना ते."

आणि गंजी पुरी उंच झाली की शेवटी तिच्यावर एक माणूस यायचा. अंगठ्याच्या नखाएवढा, टोपीवाला. खालचे लोक गवत वर फेकतात आणि हा वर उभा राहून ते पायांनी दाबतो, असं काम. प्रत्येक चित्रात हा माणूस एकच असायचा, ग्रिगोरे. खरा ग्रिगोरे तेव्हा शेजारी कॉफी पीत बसलेला असायचा, आणि म्हणायचा, "मला बारीक काढ गं. या वजनाने गंजी बसेल खाली."

तो गेला ऐन गवताच्या दिवसांत. सकाळी उठून टबभर गवत त्यानेच आणून दिलं होतं, दुपारी छातीत दुखायला लागलं आणि संध्याकाळी सगळं संपलं. टेरेसवर तेव्हा जे चित्र चालू होतं त्यात गंजी पूर्ण झाली होती. वर नुसता वासा बाहेर आलेला, आणि वासा धरून कुणी उभं नाही. बाईंनी ते चित्र तसंच भिंतीला टेकवून ठेवलं. वर्षभर ब्रशला हात लावला नाही. मी जाता-येता विचारायची, काही सुरू केलं का? "वर्ष होऊ दे," त्या म्हणायच्या. "वर्षाचं झालं की त्याची तिथली सोय लागते. मग मी त्याला वर चढवीन." आणि तो चढला नाही तर त्या पुन्हा कधीच काही काढणार नाहीत, हे न सांगताही दिसत होतं. माणूस आतून कसा आटत जातो ते मी त्या वर्षात रोज सायकल लावताना बघितलं.

ते वर्ष पुरं होत आलं त्या उन्हाळ्यात माझ्या सासूबाई आमच्याकडे आल्या. मी त्यांना आईच म्हणते. राजापूरच्या बाजूचं त्यांचं गाव. सासरे, आमचे अप्पा, जाऊन तेव्हा दोन वर्षं होत आली होती, आणि आई एकट्याने पहिल्यांदाच विमानात बसल्या होत्या. घरात सगळं करायच्या, पण बोलणं कमी. दुपारभर बाल्कनीत बसून असायच्या. "माणसं कुठे गेली गो सगळी?" विचारायच्या. इथल्या रस्त्यांवर दुपारी कुणी नसतं हे त्यांना पटायचंच नाही.

मग एक दिवस खालच्या टेरेसवर विओरिकाबाई गवत उलटताना दिसल्या. वर्षाचं जवळ आलं म्हणून त्यांनी पुन्हा गवत आणलं होतं. आई बाल्कनीच्या कठड्यावरून वाकून शुद्ध मराठीत म्हणाल्या, "अहो बाई, मधलं ओलं राहिलंय. मधलं बाहेर काढा." खालून बाईंनी वर बघितलं, हातानेच विचारलं, हे? आईंनी हातानेच सांगितलं, ते नव्हे, ते. आणि पाच मिनिटांनी मला हाक आली, "मुक्ता, चल खाली. मला बघायचंय त्यांनी काय चालवलंय ते."

भिंतीला टेकवलेलं चित्र दिसलं तशा आई एकदम थांबल्या. "अगो, ही तर उडवी." कोकणात वाशाभोवती रचलेल्या गंजीला उडवी म्हणतात, हे मला लग्नानंतर इतक्या वर्षांनी जर्मनीत कळलं. दिवाळी झाली की सड्यावरचं, म्हणजे कातळाच्या माळावरचं, गवत कापायचं, भारे बांधून आणायचे, उडवी रचायची. आईंनी चित्रातल्या त्या रिकाम्या टोकावर बोट ठेवलं. "इथे हे असायचे," त्या म्हणाल्या. "कुणाचीही उडवी असो, वर चढायला ह्यांनाच बोलवायचे." मी जर्मनमध्ये सांगितलं. विओरिकाबाईंनी विचारलं, आता? मी सांगितलं, आता नाहीत. मग दोघी त्या चित्राकडे बघत उभ्या राहिल्या. मला पुढे भाषांतर करायला कुणी सांगितलं नाही.

पुढच्या रविवारी बाई वर आमच्या दारात आल्या. काळा रुमाल, हातात मातीची एक वाटी, आमच्या दोन वाट्यांएवढी, आतल्या बाजूला लाल कोंबडा रंगवलेला. वाटीत शिजवलेले गहू, साखर, अक्रोड. वर एक गोल पाव, पावात खोचलेली मेणबत्ती, आणि खाली घडी केलेला छोटा टॉवेल. "फ्युर ग्रिगोरे," त्या म्हणाल्या. ग्रिगोरेसाठी. मी दोन्ही हातांनी घेतलं आणि म्हटलं, "फीलेन डांक," खूप आभार. त्यांनी मान हलवली, काहीतरी म्हणाल्या, ते मला समजलं नाही, आणि जिना उतरून गेल्या.

आईंनी चव घेतली आणि खूश झाल्या. "आपली गव्हाची खीर गो. दूध-गूळ तेवढं विसरल्या." मी सांगितलं की नवऱ्याच्या वर्षाचं आहे. तेव्हा त्यांनी सगळं संपवलं, एक दाणा टाकला नाही. वाटी धुतली, टॉवेल धुऊन वाळवून इस्त्री केला. आणि दुसऱ्या दिवशी रवा भाजायला घेतला. आता आपल्याकडे दुसऱ्याचं भांडं रिकामं परत करायचं नाही हे काय कुणी शिकवावं लागतं? चांगले बेदाणा लावलेले रव्याचे लाडू झाले, वाटीत रचले, वर तोच इस्त्रीचा टॉवेल झाकला. "जा, देऊन ये. आणि नको म्हणतील, तर ऐकू नकोस."

बाईंनी दार उघडलं. वाटी बघितली आणि म्हणाल्या, "नाइन." मी हसले. आमच्याकडे पहिलं 'नको' कुणी मोजत नाही. "बिट्टे, बिट्टे," म्हणत वाटी पुढे केली. त्यांनी पुन्हा नाही म्हटलं, हात मागे घेतले. दुसरं 'नको'सुद्धा आपल्याकडे रीत म्हणूनच असतं. मी आग्रह केला, अगदी पंगतीत करतात तसा, त्यांचे हात धरून वाटी त्यांच्या हातात ठेवली. त्यांनी ती घेतली, माझ्याकडे न बघता दार लावलं. मी वर येऊन आईंना सांगितलं, फार आढेवेढे घेतले हो, पण दिली शेवटी. आईंना समाधान वाटलं.

दुसऱ्या दिवसापासून खालच्या खिडक्यांवरचे पडदे, इथे रोलाडेन म्हणतात, लाकडी पट्ट्यांचे असतात, ते वर गेलेच नाहीत. टेरेसवरचं गवत कुणी उलटलं नाही. मग पाऊस आला, आणि ते तसंच भिजत पडलं, काळं पडायला लागलं. मी बेल वाजवली तर उत्तर नाही. आई बाल्कनीतून बघत अस्वस्थ व्हायच्या. "इतकं वाळत आणलेलं गवत माणूस असं कुजू देत नाही. काहीतरी झालंय. तू विचार."

शेवटी सायकली ठेवायच्या तळघरात बाई समोरासमोर भेटल्या. मी विचारलं, माझं काही चुकलं का? त्यांनी सायकलच्या सीटवर हात ठेवला. मग म्हणाल्या, "तुम्ही ते परत दिलंत."

त्यांनी जे सांगितलं ते असं. गेलेल्या माणसाच्या नावाने जिवंत माणसाच्या हातात जे द्यायचं, त्याला त्यांच्याकडे पोमाना म्हणतात. इथे ज्याला दिलं, त्याने ते ठेवून घेतलं, की तिथे ते त्याला मिळतं. वाटी, म्हणजे तिथे जेवायला वाटी. टॉवेल, म्हणजे हात पुसायला. मेणबत्ती, म्हणजे उजेड. म्हणून घेणाऱ्याने थँक्यू म्हणायचं नसतं, कारण ते आपल्याला दिलेलंच नसतं. 'बोगदाप्रोस्ते' म्हणायचं, देव त्याला क्षमा करो, आणि ठेवून घ्यायचं. "मी विचार करून तुमच्याकडे आणलं होतं," त्या म्हणाल्या. "तुझ्या सासूला गंजीवरचा माणूस माहीत आहे म्हणून. आणि ते परत आलं. आता तो तिथे बसलाय आणि त्याला वाटी नाही. असा कसा चढवू त्याला वर?" रागावलेल्या नव्हत्या मुळीच. उलट मलाच म्हणाल्या, "या, तुम्हाला कसं ठाऊक असणार." हा त्यांचा 'या' म्हणजे जर्मन 'हो ना'. पण त्या दिवशी तो मला मराठीतला, निरोपाचा 'या' वाटला.

वर आले आणि आईंना सांगितलं. मनात मी उपाय शोधत होते, तशीच वाटी ऑनलाइन मिळेल का, बाईंनी पुन्हा द्यायची का, असले. आईंनी शेगडी बंद केली आणि स्टुलावर बसल्या. "अप्पांच्या दहाव्याला कावळा शिवत नव्हता, आठवतं?" मला आठवत होतं. नदीकाठी सगळे ताटकळलेले, पिंडाकडे एक कावळा येईना. नितीनने शेवटी मोठ्याने सांगितलं, अप्पा, आईला मी एकटं पडू देणार नाही, जर्मनीला नेईन, सगळं दाखवीन. तेव्हा कुठे एक आला.

"तेवढ्या वेळात माझ्या जिवाचं जे होत होतं," आई म्हणाल्या, "ते त्या बाईंच्या जिवाचं आठवडाभर होतंय. आपण त्यांचे कावळे होतो मुक्ता. आलो, शिवलो, आणि सगळं उचलून परत नेऊन टाकलं."

त्या उठल्या, साडी बदलली, बांगड्या सारख्या केल्या. मी म्हटलं, मी बोलते हो आई त्यांच्याशी. "चल बरोबर. पण मधे मधे बोलू नकोस."

विओरिकाबाईंनी दार अर्धंच उघडलं. माझ्या सासूबाईंनी उभ्या जन्मात कुणाच्या दारात जाऊन काही मागितलेलं नाही. मीठ संपलं तरी शेजारी पाठवायच्या नाहीत, अळणी वाढतील. त्या बाईंसमोर त्यांनी ओंजळ पुढे केली. "माझी वाटी द्या," त्या म्हणाल्या. "माझी आहे ती. चुकून परत आली." मी तोंड उघडलं तेवढ्यात बाईच आत वळल्या. त्यांना काही सांगावं लागलं नाही. वाटी आणली. लाडू होते तसेच होते, टॉवेलसुद्धा. आईंनी टॉवेल आपल्या खांद्यावर घेतला. वाटीतला एक लाडू मोडला, अर्धा बाईंच्या हातावर ठेवला, अर्धा आपण खाल्ला. "त्यांच्या वाटीत खाल्लं मी आता. आता न्यायला हरकत नाही." मग मला म्हणाल्या, "तो शब्द काय म्हणालीस? त्यांनाच सांगायला सांग." बाईंनी सांगितला. आईंनी सावकाश, देवाचं नाव घ्यावं तसा म्हटला, बोगदाप्रोस्ते. बाई दाराच्या चौकटीला धरून रडल्या. आई रडल्या. मी तर आधीपासूनच रडत होते.

आत बसलो. चित्र तिथेच होतं, वासा तसाच बोडका. आईंनी ते पुन्हा नीट बघितलं. "हे एकदा वर चढले की काम होईस्तोवर उतरायचे नाहीत," त्या म्हणाल्या. "उतरलं तर चढवायला पुन्हा चार माणसं लागायची. मग मी पेज वरच पाठवायची." मी सांगितलं, पेज म्हणजे पातळ भात. वर कशी पाठवायची, बाईंनी विचारलं. आईंनी सांगितलं, आंबे काढायची आकडी असते, लांब काठी, टोकाला वाकडं. तिला कडीचा डबा अडकवायचा आणि खालून वर धरायचा. वरून हे वाकून घ्यायचे. बाईंना ते फार आवडलं. काठी केवढी लांब? टोक कसं वाकडं? सांडत नव्हतं? आईंनी कोपऱ्यातला झाडू घेतला, त्याला बाईंची पर्स अडकवली आणि कपाटाच्या वर धरून दाखवली. पर्स पडली, आतलं सगळं घरभर झालं, आणि त्या दोघी इतक्या हसल्या की आईंना मी तशा अप्पा गेल्यानंतर हसताना पाहिलंच नव्हतं.

हसू ओसरल्यावर आई म्हणाल्या, "त्यांना नीट सांग. म्हणावं, वाटीसाठी त्याला खाली थांबवू नका. आधी चढू दे त्याला वर. वाटी मागून पाठवू."

मी सांगितलं. माझ्या जर्मनमधलं हे आजवरचं सगळ्यात चांगलं वाक्य असेल, आणि ते माझं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी रोलाडेन वर होते. टेरेसवरचं काळं पडलेलं गवत बाईंनी टाकून दिलं होतं आणि त्या टब घेऊन आमच्या दारात उभ्या होत्या. आता ताजं गवत कुठून आणायचं? कुरणाचं तर सॉसेज होऊन गेलं होतं. आम्ही तिघी निघालो. आईंची नऊवार नाही हो, साधी पाचवारीच, पण पायात माझे स्पोर्ट शूज. कुरणाच्या कडेने, मशीन जिथे वळलं होतं तिथे राहिलेल्या काड्या वेचत होतो, तेवढ्यात शेतकरी ट्रॅक्टर घेऊन आला. एक रुमालवाली, एक साडीवाली आणि एक ऑफिसचं कार्ड गळ्यात अडकवलेली, तिघी वाकून गवत वेचताहेत म्हटल्यावर तो थांबला.  मागच्या ट्रॉलीतून दाताळ्याने दोनदा भरून सुटं गवत आमच्या टबात टाकलं, मान हलवली आणि गेला. मी त्याला डांक म्हटलं. त्याला म्हटलेलं चालत होतं.

ऑगस्टमध्ये आई परत निघायच्या आदल्या दिवशी विओरिकाबाई चादरीत गुंडाळलेलं चित्र घेऊन वर आल्या. चादर काढली. गंजीवर ग्रिगोरे होता. बाकी सगळ्या चित्रांत तो उभा राहून गवत दाबतो, इथे बसलाय, वाशाला पाठ टेकून, टोपी मागे सरकवून, पाय खाली सोडून. मांडीवर वाटी आहे. इतकी लहान की कोंबडा दिसणं शक्य नाही, पण आत एक लाल ठिपका आहे. आणि गंजीच्या खाली एक रुमालवाली बाई, आपल्याकडे पाठ करून उभी. तिच्या हातात एक लांब काठी आहे, टोकाला वाकडी. त्यांच्या गावात असली काठी कुणाकडे नसते, बाईंनीच सांगितलं.

"पोमाना," त्या म्हणाल्या. नितीन पुढे झाला आणि सवयीने डांक म्हणणार तेवढ्यात मी त्याचा दंड दाबला. आईंनी चित्राची चौकट पदराने पुसली आणि म्हणाल्या तेच, बोगदाप्रोस्ते. मीही म्हटलं. 

वाटी राजापूरला गेली, आईंच्या मांडीवर बसून. अप्पांच्या श्राद्धाला त्या तिच्यात पेज वाढतात. "दोघांना पुरते," म्हणतात. चित्र विमानात मावलं नाही, म्हणून आमच्याकडे आहे, हॉलमध्ये, नितीनच्या टीव्हीच्या वर. त्यानंतर बाईंनी बरीच चित्रं काढली. गेल्या शरदात त्या गावी बहिणीकडे राहायला गेल्या. तिथे आता खऱ्याच गंज्या आहेत, बघून काढता येतात, पण त्या अजूनही खुर्ची टाकून, मूठभर गवत नाकाशी धरून बसतात, असं फोनवर सांगत होत्या.

इथे मी दिवसभर डांक म्हणत असते. बसवाल्याला, बेकरीवालीला, दार धरून ठेवणाऱ्याला, कधी कधी लिफ्टलासुद्धा म्हटलंय. आणि ज्यांनी खरं काही दिलं त्यांच्यातल्या एकीने म्हणू नको असं बजावलं. दुसरीला म्हणावं तर ती म्हणेल, परक्यासारखं काय बोलतेस गो. तेव्हा ते आत साठून राहतं आणि वर्षातून एकदा, गवत कापलं की, वर येतं. येऊ दे. त्या उन्हाळ्याने मला माझ्या सासूबाई दिल्या, ज्यांना मी इतकी वर्षं नुसती ओळखत होते.

खालच्या टेरेसवर आता नवीन जोडप्याचं बार्बेक्यू आहे. काल कुणी टब घेऊन जाणारं नव्हतं. मी थोडा वेळ सायकल धरून उभी राहिले, मग घरी आले, धुण्याच्या टबातले कपडे पलंगावर ओतले आणि टब घेऊन कुरणात गेले. "हे काय आता?" नितीनने विचारलं आणि शिंकला. गवत बाल्कनीत पसरलंय. जिन्यात थोड्या काड्या पडल्यात, हाउसमाइस्टरला केक द्यावा लागेल. मला चित्र काढता येत नाही. मी नुसती खुर्ची टाकून बसले होते.

संध्याकाळी आईंचा व्हिडिओ कॉल आला. आधी गवत दाखवायला लावलं. "मधलं ओलं आहे. मधलं बाहेर काढ," त्या म्हणाल्या. मी काढलं. मग नेहमीसारखं, "आता चित्राकडे धर." मी फोन घेऊन हॉलमध्ये गेले आणि गंजीच्या टोकाशी धरला. आई स्क्रीनच्या इतक्या जवळ आल्या की मला नुसतं त्यांचं कपाळ दिसत होतं.

"जेवला का गो तो?"

"जेवतोय."

"जेवू दे सावकाश," आई म्हणाल्या. "खाली काही घाई नाही म्हणावं."